अमर्याद अंतर, जवळचं गॅरेज

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या गप्पांत हल्ली एक नवा विषय शिरलाय. पूर्वी घरकर्जाचे व्याजदर, ग्रीन कार्डची रांग आणि मुलांची कॉलेजं एवढ्यावर पॉटलक पार पडायचं. २०२० च्या करोनानंतर आमच्या ओळखीपाळखीत मोटरहोम घेणारे, निदान भाड्याने घेऊन यलोस्टोनला जाऊन येणारे बरेच वाढले. त्यामुळे पावभाजीची दुसरी प्लेट होईपर्यंत कोणीतरी विचारतंच, "रोडसाइड असिस्टन्सचा कुठला प्लॅन घेतलास?" आणि दुसरं कोणीतरी लगेच फोनवर एक्सेल शीट उघडतं.

माझा राग त्या शीटवर आहे. आज तो सविस्तर काढायचा विचार आहे.

शीट दरवेळी तीच असते. डावीकडे कंपन्यांची नावं. वर रकाने : वर्षाची फी, टोइंगचे मैल, वर्षातून किती वेळा बोलावता येईल, पेट्रोल आणून देतील का, किल्ली आत राहिली तर कुलूप उघडतील का. त्यावर हिरवे-पिवळे रंग. शेवटी सर्वात कमी पैशात सर्वात जास्त मैल देणारी ओळ ठळक केलेली. आपली सगळी हयात सॉफ्टवेअरमध्ये गेल्यामुळे असेल, पण रकाने भरले की निर्णय झाला असं आपल्याला मनापासून वाटतं. मेथीची जुडी घेताना सुद्धा आपण पानं उलटून बघतो, देठ मोडून बघतो. इथे मात्र कंपनीने जो आकडा पुढे केला तो उचलायचा आणि रकान्यात टाकायचा!

माझं म्हणणं असं आहे की मोटरहोमच्या बाबतीत फी आणि मैल हे सर्वात बिनकामाचे रकाने आहेत. खरे प्रश्न चार. कोण येणार, काय घेऊन येणार, गाडी कुठे नेणार, आणि गाडीतल्या माणसांचं काय होणार. यातल्या एकाचंही धड उत्तर जाहिरातीच्या पानावर नसतं. आणि ते नसतं याचं कारण सरळ आहे. ही उत्तरं दिली तर आकड्यांची चढाओढ संपते.

आधी 'अनलिमिटेड' या शब्दाचा समाचार घेऊ. मोटरहोमसाठीच्या खास योजनांत हा शब्द मोठ्या टाइपात असतो. अमर्याद टोइंग! वाचणाऱ्याला वाटतं, वायोमिंगमध्ये बंद पडलो तरी घरापर्यंत आणून सोडतील. खाली बारीक टाइपात वाक्य पूर्ण होतं : 'सर्वात जवळच्या योग्य दुरुस्ती केंद्रापर्यंत'. म्हणजे अंतर अमर्याद आहे, पण ते किती हे 'जवळच्या' या शब्दाने आधीच ठरवून टाकलंय. आणि 'योग्य' कोणाला म्हणायचं हे ठरवणार कंपनी.

हा 'योग्य' शब्द मोटारीच्या बाबतीत त्रास देत नाही. होंडा बंद पडली तर होंडा दुरुस्त करणारा कुठेही मिळतो. मोटरहोमचं तसं नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या बऱ्याच मोठ्या मोटरहोमचा सांगाडा आणि इंजिन फोर्डचं असतं, वरचं घर दुसऱ्याच कारखान्यात बांधलेलं असतं, आणि जनरेटर बहुतेकदा ओननचा असतो. तीन वस्तू, तीन वॉरंट्या, तीन वेगळे दुरुस्त करणारे. फोर्डच्या डीलरकडे इंजिन दुरुस्त करायची अक्कल असते, पण त्याच्या दारातून गाडी आत जात नाही. आरव्हीच्या डीलरकडे दार मोठं असतं, पण इंजिनाला तो हात लावत नाही. मग 'योग्य' कोण? या प्रश्नाचं उत्तर कॉल सेंटरमधला माणूस नकाशा बघून देणार, आणि नकाशात दाराची उंची लिहिलेली नसते.

मैल मोजून देणाऱ्या योजनांचं निदान गणित स्वच्छ असतं. उदाहरणार्थ ट्रिपल ए. त्यांचं साधं सदस्यत्व मोटरहोमला लागूच पडत नाही. प्लस किंवा प्रीमियर घेऊन त्याला आरव्हीची वेगळी जोड द्यावी लागते. मग बहुतेक क्लबांत प्लसला १०० मैल, आणि प्रीमियरला वर्षातून एकदा २०० मैल. पण तेवढ्या मैलांत कुठे न्यायचं हे तुम्ही सांगायचं. न्यू जर्सीत किंवा इलिनॉयमध्ये १०० मैलांत हवं ते मिळतं. युटामध्ये आय-७० वर ग्रीन रिव्हर ते सलायना हा सुमारे ११० मैलांचा पट्टा आहे, ज्यात एकही गाव नाही, पेट्रोलपंप नाही. तिथे १०० मैलांचा अर्थ वेगळा होतो. म्हणजे तोच आकडा पूर्वेला श्रीमंत आणि पश्चिमेला गरीब. हे शीटच्या कुठल्या रकान्यात मांडणार?

आता गाडीबद्दल. मोटरहोम म्हणजे मोठी मोटार असं जे आपण धरून चालतो तिथेच घोळ आहे. आमची गाडी ३२ फूट लांब, १२ फूट उंच आणि भरल्यावर १८,००० पौंड, म्हणजे आठ टनांच्या वर. एवढी गाडी मोटारी नेणाऱ्या सपाट ट्रकवर चढत नाही. तिला बस आणि मालट्रक ओढणारा मोठा टो ट्रक लागतो. तो पुढची चाकं उचलतो आणि मागची जमिनीवर ठेवून ओढतो. पण इंजिन बंद असताना मागची चाकं फिरली तर गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही आणि तो जळतो, म्हणून आधी खाली शिरून ड्राइव्ह शाफ्ट सोडवावा लागतो. मोठ्या डिझेल गाड्यांना हवेचे ब्रेक असतात. हवेचा दाब गेला की मागची चाकं जागच्या जागी जाम होतात, ती सोडवणं हे आणखी एक काम. हे सगळं येणारा माणूस एखाद्या जिल्ह्यात एकच असतो, काही जिल्ह्यांत तोही नसतो. तुमच्या प्लॅनच्या कंपनीचं आणि त्याचं पटतं का, हा प्रश्न शंभर मैल की दोनशे मैल यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

मी हे हवेत बोलत नाही. २०२३ च्या जूनमध्ये आम्ही डेन्व्हरहून ब्राइस कॅन्यनला निघालो होतो. मी, बायको, दोन मुलं, आणि पुण्याहून आलेले आई-बाबा. ग्रीन रिव्हर सोडल्यावर चढावर गिअरबॉक्सने मान टाकली. दुपारचे बारा, शनिवार. एका टेकाडावर चढल्यावर फोनला जेमतेम रेंज मिळाली. प्लॅन 'अमर्याद'वाला होता. कंपनीचं नाव इथे सांगत नाही. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "जवळचा क्रॉस स्ट्रीट कुठला?" मी म्हटलं, "बाई, इथे दोन्ही बाजूंना तांबडे खडक आहेत. मैलाचा दगड सांगतो." लांबी, उंची, वजन तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा परत म्हणून घेतलं. साडेतीन तासांनी एक तरुण मुलगा मोटारी नेणारा सपाट ट्रक घेऊन आला. त्याला 'व्हॅन' असं कळवलं होतं! त्याने गाडीकडे पाहिलं, टोपी काढली, आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, हे माझ्याच्याने व्हायचं नाही."

मोठा ट्रक संध्याकाळी सातला आला. त्याच्या केबिनमध्ये ड्रायव्हर सोडून दोघांची जागा. आम्ही सहा. टो होत असलेल्या गाडीत माणसांना बसून जाता येत नाही. आईला मधुमेह, तिचं इन्सुलिन आमच्या फ्रिजमध्ये, आणि फ्रिज त्या ट्रकच्या मागे निघालेला. कंपनीला विचारलं तर उत्तर मिळालं की त्यांची जबाबदारी वाहनापुरती आहे. हायवे पॅट्रोलचा एक अधिकारी योगायोगाने थांबला होता. त्याने आई-बाबांना आणि धाकटीला आपल्या गाडीतून गावातल्या मॉटेलवर सोडलं, मोठ्याला आणि बायकोला ट्रकवाल्याने घेतलं, आणि मी त्या सपाट ट्रकवाल्या मुलाबरोबर गेलो, जो बिचारा पैसे मिळणार नाहीत हे माहीत असूनही थांबून राहिला होता. इन्सुलिनची पिशवी बायकोने निघताना हातात धरली होती म्हणून रात्र निभावली.

जवळचं 'योग्य' गॅरेज गावातच होतं. त्याचं दार दहा फुटी. सोमवारी मालकाने टेप लावून दाखवली. कंपनीच्या लेखी मात्र टो पूर्ण झाला होता, त्या बिघाडासाठी एकच टो मिळतो. शंभरेक मैलांवर ग्रँड जंक्शनला गाडी नेण्याचे चौदाशे डॉलर आमच्या खिशातून गेले. कराराचा कुठलाही शब्द मोडला गेला नव्हता, आणि मला राग येतो तो नेमका याचाच. करार पाळूनही माणसं उन्हात सात तास उभी राहू शकतात, असा करार लिहिणाऱ्याला काय म्हणावं?

आता हे असं का होतं ते बघू, म्हणजे नुसता त्रागा होणार नाही. प्लॅन विकणाऱ्या बहुतेक कंपन्यांकडे स्वतःचा ट्रक फारसा नसतो. त्यांच्याकडे फोन आणि यादी असते. यादीतल्या स्थानिक टोवाल्याला त्या ठरलेल्या कराराचा दर देतात, जो रस्त्यावर रोख मिळणाऱ्या दरापेक्षा बहुधा कमी असतो. शनिवारी दुपारी त्याच्यापुढे दोन कामं असली, एक रोखीचं आणि एक कराराचं, तर तो आधी कुठे जाईल? मीही रोखीकडे गेलो असतो. आपण शीटमध्ये वर्षाच्या फीचे वीस डॉलर वाचवून विजयी मुद्रेने बघतो, ते वीस डॉलर शेवटी याच माणसाच्या दरातून निघतात.

मूळ कल्पना अशी नव्हती. ट्रिपल एची स्थापना १९०२ ची, शिकागोतली, आणि ती क्लबांचा महासंघ म्हणूनच. रस्त्यावरच्या मदतीची सुरुवात १९१५ साली सेंट लुईसच्या क्लबने केली, तेव्हा त्यांचे मोटरसायकलस्वार रविवारी रस्त्यांवर फिरून बंद पडलेल्या गाड्या शोधत. पुढच्याच वर्षी टेनेसीतल्या चॅटनूगामध्ये अर्नेस्ट होम्सने आपला पहिला टो ट्रक बनवला. मोटरहोमवाल्यांचंही तेच. फॅमिली मोटर कोच असोसिएशन १९६३ च्या जुलैत सुरू झाली, सूर्यग्रहण बघायला मेनमधल्या हिंकलीला आपापल्या गाड्या घेऊन जमलेल्या कुटुंबांतून. ज्याला मदत लागणार आणि जो मदत करणार ते एकमेकांना ओळखत होते, निदान एकाच क्लबचे होते. आज मध्ये फोन, यादी आणि दरपत्रक आलंय. चॅटनूगाच्या टोइंग संग्रहालयात काम करताना रस्त्यावर मेलेल्या टोवाल्यांच्या नावांची एक भिंत आहे. मोठ्या रस्त्याच्या कडेला, भरधाव वाहनांकडे पाठ करून, तुमच्या गाडीखाली शिरणाऱ्या माणसाचं काम किती धोक्याचं आहे ते तिथे कळतं. त्याला कमी पैसे देऊन त्याने वेळेवर यावं असं म्हणणं हे दोन्ही बाजूंनी वाईट.

यावर ठरलेले आक्षेप येतात, ते निकालात काढतो.

"आमच्या विम्यातच आहे की!" असेल. पण मोटारीच्या विम्याला महिना दोन-तीन डॉलरांत चिकटवलेली मदत मोटारीसाठी लिहिलेली असते. मोटरहोमचा विमा वेगळा आणि त्यातली मदतही वेगळी. वजनाची मर्यादा लिहून मागा. शिवाय विमा गाडीच्या मागे जातो आणि ट्रिपल एसारखं सदस्यत्व माणसाच्या मागे. तुमच्या नावावर गाडी आणि चालवणारा मेहुणा असेल तर हा फरक नीट कळतो.

"आमच्याकडे पंधरा वर्षांपासून क्लबचं कार्ड आहे." कार्ड जुनं असून उपयोग नाही, आरव्हीची जोड आहे का ते बघा. आणि आदल्या रात्री घेऊ म्हणाल तर बऱ्याच क्लबांत नवी सोय लागू व्हायला काही दिवस जावे लागतात.

"आम्ही भाड्याने घेतो." मग भाड्याच्या कंपनीचाच नंबर बहुधा मिळतो, आणि तो लावणंच योग्य. पण कोणा खाजगी मालकाची गाडी घेत असाल तर मदत कोणाच्या नावावर आहे ते किल्ली घेण्याआधी लिहून घ्या.

"महागातला प्लॅन घेतला की झालं." हा तर शीटपेक्षाही आळशी विचार. महाग प्लॅनमध्ये बहुधा हॉटेलचा खर्च वगैरे जास्त मिळतो, पण त्यातही मेख असते. काही योजनांत तो खर्च फक्त अपघात झाला तरच मिळतो, नुसती गाडी बंद पडली तर नाही. काहींत घरापासून शंभर मैल लांब असावं लागतं. ट्रक मात्र दोन्ही प्लॅनना त्याच यादीतून येतो.

मग करायचं काय? फी भरायच्या आधी फोन करा. विक्रीच्या नंबरावर नाही, मदतीच्या नंबरावर. किती वेळ थांबवतात हीच पहिली परीक्षा. आणि मग आपल्या गाडीचे खरे आकडे देऊन विचारा :

१. ही एवढी लांब, एवढी उंच, एवढ्या वजनाची गाडी उचलणारा ट्रक आम्ही जाणार त्या भागात तुमच्या यादीत आहे का?

२. 'योग्य केंद्र' कोण ठरवणार? तिथे गाडी आत गेली नाही तर दुसरा टो तुमच्या खर्चाने का आमच्या?

३. टो ट्रकमध्ये दोघं बसली तर उरलेल्या चौघांना कोण नेणार? टॅक्सीचे पैसे देता का?

४. पैसे तुम्ही थेट भरणार, की आम्ही भरून नंतर पावत्या पाठवायच्या?

५. कच्च्या रस्त्यावर, जंगल खात्याच्या जमिनीवर, कॅम्पग्राउंडच्या चिखलात रुतलो तर येणार का? पक्क्या रस्त्यापासून किती फुटांपर्यंत?

६. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकसारख्या टोल रस्त्यावर फक्त तिथले नेमलेले टोवालेच येऊ शकतात. तिथे झालेला खर्च परत देता का?

७. टायर फुटला तर नवा आणून बसवता का? टायरचे पैसे आमचेच हे मान्य, पण बसवायला येणारा माणूस?

सातवा प्रश्न किरकोळ समजू नका. बऱ्याच मोठ्या मोटरहोममध्ये स्टेपनीच नसते. आणि मोटरहोमचा टायर झिजून जात नाही, उभ्याउभ्या म्हातारा होऊन जातो. नक्षी नव्यासारखी दिसते आणि आतून रबर संपलेलं असतं. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. हे आकडे निघायच्या आधी वाचायला कुठलाही प्लॅन लागत नाही.

हे प्रश्न विचारल्यावर तीन प्रकारची उत्तरं मिळतात. एक, "काळजी करू नका सर, सगळं कव्हर्ड आहे." फोन ठेवून द्या. दोन, "वेबसाइटवर सगळं दिलंय." हाही ठेवून द्या. तीन, "थांबा, तुमचं वजन सांगा, त्या भागात आमच्याकडे एकच माणूस आहे, आणि कॅम्पग्राउंडच्या चिखलात आम्ही येत नाही." हा प्लॅन घ्या, वीस-तीस डॉलर जास्त पडले तरी घ्या. जो काय करणार नाही हे आधी सांगतो, त्याच्या 'करतो'ला किंमत असते. आपल्याकडे भांड्याकुंड्यांच्या दुकानदारापासून मंगल कार्यालयाच्या आचाऱ्यापर्यंत आपण माणूस असाच पारखत आलो आहोत. अमेरिकेत येऊन रकाने भरायला लागलो आणि तेवढं विसरलो.

आणि एखाद्या कंपनीने फोनवरच सांगून टाकलं की "एवढी मोठी गाडी आम्हाला जमणार नाही", तर तिचे मनापासून आभार माना. तिने तुमचे पैसे घेतले नाहीत, आणि म्हाताऱ्या माणसांना रस्त्याच्या कडेला उन्हात बसवलं नाही.